सेव्हनची स्टेपनी काढताना: वजनापेक्षा जागा महत्त्वाची

प्रश्न असा आहे. गाडी इंग्लंडमध्ये आहे, किटमधून जोडलेली जुनी केटरहॅम सेव्हन, म्हणजे दोन सीटची, उघडी आणि अगदी हलकी स्पोर्ट्स कार. मागे डी डिऑन ॲक्सल (दोन्ही मागची चाकं एका नळीने जोडणारी रचना), तेरा इंची अलॉय चाकं आणि मागच्या पत्र्याबाहेर नळ्यांच्या कॅरिअरवर टांगलेली स्टेपनी. गाडी वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर जाते, एरवी रविवारी रस्त्यावर फिरते. वजन कमी करण्यासाठी स्टेपनी काढावी का, आणि काढली तर कशाकडे लक्ष द्यावं?

काढा. पण चार बोल्ट सोडवले आणि काम झालं, असं समजू नका. या गाडीत स्टेपनीचं वजन जेवढं आहे त्याहून तिची जागा महत्त्वाची आहे. ती काढल्यावर गाडीचा तोल, मागची उंची, ब्रेकची वागणूक आणि हेडलाइटचा झोत हे सगळं थोडं थोडं बदलतं. चेसीच्या सेटिंगमध्ये केलेला बदल म्हणून हे काम केलंत तर फायदा पूर्ण मिळेल. नुसती काढून ठेवलीत तर एक चांगली बसलेली गाडी थोडी बिघडवून ठेवाल.

आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधून आला आहे. लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये टायर चढवलेली, आरे नसलेली एक जादा रिम बाजारात आणली. पंक्चर झालेल्या चाकाला ती शिकंज्यांनी अडकवायची आणि पुढे निघायचं. स्टेपनी स्ट्रीटवरच्या दुकानावरून तिचं नाव पडलं. इंग्लंडमध्ये हा शब्द आता कोणी वापरत नाही, आपल्याकडे तो प्रत्येक गॅरेजात आहे. तेव्हा रस्ताभर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत आणि टायरचं रबर कच्चं होतं, म्हणून जादा चाक ही गरजच होती. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने या गाडीचं मूळ रूप, लोटस सेव्हन, आणली तेव्हाही ती गरज होती, पण त्या चिमुकल्या गाडीत चाक ठेवायला आत जागाच नव्हती. म्हणून ते मागे टांगलं गेलं. केटरहॅम या कंपनीने १९७३ मध्ये ही गाडी बनवायचे हक्क घेतले आणि मांडणी तशीच पुढे चालू ठेवली. म्हणजे स्टेपनी तिथे आहे ती जागेच्या अडचणीमुळे. गाडीच्या तोलासाठी ती जागा कोणीही निवडली नसती.

आता आकडे. तेरा इंची अलॉय रिम आणि टायर मिळून साधारण १२ ते १३ किलो भरतं, पंधरा इंची असेल तर १४-१५. कॅरिअर, त्याचे बोल्ट आणि मधली पकड यांचे अंदाजे २ किलो. घरचा वजनकाटा घ्या, आधी स्वतः उभे राहा, मग चाक हातात घेऊन उभे राहा आणि फरक लिहून ठेवा. पुढची सगळी गणितं त्या आकड्यावर आहेत. इथे मी चाक आणि कॅरिअर मिळून १५ किलो धरतो.

गाडी ५६० किलोची आणि चालक ८० किलोचा धरला तर ६४० किलोत १५ किलो म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर. एवढ्याने वेग घेण्यात पडणारा फरक घड्याळ लावूनच कळेल, अंगाला जाणवणार नाही. फक्त पिकअपसाठी हे करत असाल तर तेवढी अपेक्षा ठेवू नका. खरा फरक दुसरीकडे आहे.

सेव्हनच्या लहान चेसीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, सुमारे २२२५ मिलिमीटर आहे. टांगलेल्या स्टेपनीचं केंद्र मागच्या ॲक्सलच्या मागे साधारण ६०० मिलिमीटरवर येतं. तुमच्या गाडीवर टेप लावून मोजा, कॅरिअरच्या प्रकारानुसार पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होईल. ॲक्सलच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागच्या चाकांवर ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं थोडी उचलतं. मागचा भार काढायचा तर १५ ला २८२५ ने (२२२५ अधिक ६००) गुणायचं आणि २२२५ ने भागायचं, उत्तर १९ किलो. म्हणजे १५ किलो काढले की मागच्या ॲक्सलवरून १९ किलो उतरतात आणि पुढच्या ॲक्सलवर ४ किलो वाढतात.

दुसरी गोष्ट वळण घेण्याची. गाडी वळते तेव्हा ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि त्या फिरण्याला होणारा विरोध वजन गुणिले अंतराचा वर्ग असा वाढतो. स्टेपनी गुरुत्वमध्यापासून सुमारे १.६७ मीटर लांब आहे. १५ गुणिले १.६७ चा वर्ग म्हणजे जवळजवळ ४२. अशा गाडीचा फिरण्याला होणारा एकूण विरोध ढोबळ हिशेबाने ५५० ते ७०० किलो-वर्गमीटर धरता येतो. म्हणजे वजनात सव्वादोन टक्के असलेली वस्तू फिरण्याच्या विरोधात ६ ते ८ टक्के वाटा घेते. स्टेपनी काढल्यावर स्टिअरिंग फिरवताच गाडी लवकर वळते, एस आकाराच्या वळणांत एका बाजूकडून दुसरीकडे पटकन येते आणि मागची बाजू सुटलीच तर लोलकासारखी झुलत राहत नाही, तिला सावरणं सोपं जातं. १५ किलो काढायचा खरा मोबदला हा आहे. तेच १५ किलो चालकाच्या सीटखालून काढले असते तर यातलं फारसं काही मिळालं नसतं.

तुलनेसाठी पेट्रोल घ्या. टाकी सुमारे ३६ लीटरची, पेट्रोल लीटरला पाऊण किलो, म्हणजे भरलेली टाकी २७ किलो आणि अर्धी साडेतेरा. अर्ध्या टाकीचा फरक जवळजवळ स्टेपनीएवढाच आहे, पण टाकी ॲक्सलच्या बरीच जवळ असल्यामुळे तरफ लहान पडते. तरीही ही तुलना लक्षात ठेवा. स्टेपनी काढण्याआधीची आणि नंतरची चाचणी एकाच पातळीच्या पेट्रोलवर घेतली नाही तर तुम्ही स्टेपनीचा फरक मोजताय की टाकीचा, हे कळणार नाही.

आता नुकसानीची बाजू. त्यात ब्रेक सर्वांत महत्त्वाचे आहेत. या गाड्यांत एबीएस नसतं आणि बहुतेकांत पायाचा जोर वाढवणारा सर्व्होही नसतो. पुढच्या-मागच्या ब्रेकच्या जोराचं प्रमाण पॅड, पिस्टन आणि डिस्कच्या मापांनी एकदाच ठरलेलं असतं. मागच्या ॲक्सलवर चालकासह ३३९ किलो धरा. जोरात, म्हणजे ०.८ जीने ब्रेक मारला आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४२ सेंटिमीटरवर असेल तर सुमारे ९७ किलो भार पुढे सरकतो. मागे उरले २४२. स्टेपनी काढल्यावर हाच हिशेब २२६ च्या आसपास येतो. म्हणजे ऐन ब्रेकच्या वेळी मागच्या टायरची पकड जवळजवळ ७ टक्क्यांनी घटते, आणि ब्रेकचा जोर मात्र तेवढाच राहतो. आधी पुढची चाकं जेमतेम पहिली लॉक होत असतील तर आता मागची पहिली लॉक होऊ शकतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर गाडी गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर भार कमी सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांवर भार जास्त राहतो आणि तिथे हा धोका कोरड्यापेक्षा कमी असतो. म्हणून चाचणी कोरड्यात घ्या आणि मोकळ्या, बंदिस्त जागेत घ्या. ताशी ५० किलोमीटरवरून सुरुवात करून ब्रेकचा जोर पायरीपायरीने वाढवत न्या, शेजारी किंवा बाहेर एकाला चाकं बघायला उभं करा. मागची आधी लॉक होत असतील तर सोपा उपाय म्हणजे मागे थोड्या कमी घर्षणाचे पॅड. मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, पण तो कोणालाही सहज फिरवता येईल अशा जागी ठेवू नका. मागच्या पॅडची कड घासून क्षेत्रफळ कमी करायचा सल्ला कधीकधी दिला जातो. तो ऐकू नका. पॅड कमी केल्याने ब्रेकचा जोर कमी होत नाही, पॅड नुसता लवकर तापतो आणि झिजतो.

पॉवर टाकताना मागच्या टायरवरचा १९ किलो भार कमी झालेला असतो, हेही लक्षात ठेवा. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक नुसतं फिरू लागलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) नसलेल्या गाडीत ओल्या चौकातून निघताना आतलं चाक आधीपेक्षा जरा लवकर फिरेल. एकदोन आठवड्यांत पायाला त्याची सवय होते.

प्रत्यक्ष काढायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. त्यातला बराच वेळ गंजलेल्या बोल्टांत जातो.

सर्वांत आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या लगेच पुढे पेट्रोलची टाकी आहे. इथे ग्राइंडर चालवायचा नाही, गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवायचा नाही आणि आत काय आहे ते न बघता ड्रिल मारायचं नाही. टाकी पावाहून कमी भरलेली असताना काम घ्या, जागा हवेशीर असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा.

आधी चाक उतरवा. मग कॅरिअरवर आणखी काय काय बसवलंय ते बघा. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा नंबरप्लेट, तिचा दिवा, कधी फॉग लाइट किंवा रिव्हर्स लाइटही कॅरिअरलाच लावलेले असतात. तारांचा फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नाव लिहा. इथेच सर्वांत जास्त गडबड होते. या दिव्यांचं अर्थिंग पुष्कळदा कॅरिअरच्या नळीतूनच चेसीकडे गेलेलं असतं. कॅरिअर निघालं की दिव्याला अर्थ राहत नाही. मग करंट दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो. ब्रेक दाबला की नंबरप्लेटचा दिवा मंद पेटतो किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकते, आणि माणूस दोन दिवस फ्यूज बदलत बसतो. उपाय साधा आहे. त्या दिव्यांसाठी एक चौरस मिलिमीटरची वेगळी काळी तार थेट चेसीच्या अर्थपॉइंटपर्यंत ओढा, रंग खरवडून स्वच्छ धातूवर गोल टर्मिनल बसवा आणि वरून ग्रीस लावा.

कॅरिअरच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट आतल्या बाजूला असतात, डिकीचा तळ काढल्यावर पाना पोचतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये वर्षानुवर्षं पाणी बसलेलं असतं. अशा वेळी गंज ॲल्युमिनियमला खातो आणि पांढरी भुकटी दिसते. नट फिरतच नसेल तर नट फोडायचं हत्यार वापरा. त्याने ठिणगी उडत नाही. बोल्ट फिरवायचा नाही, धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. बोल्ट फिरवला की पत्र्यातलं भोक मोठं होतं आणि रंग उचकटतो.

बोल्ट निघाल्यावर एक खात्री करा. हेच बोल्ट दुसरं काही धरून तर नव्हते ना? काही गाड्यांत त्याच जागी टाकीचा पट्टा, मागच्या पत्र्याची कड किंवा कोणी नंतर बसवलेला आधार अडकवलेला असतो. तसं असेल तर ते बोल्ट परत बसवावेच लागतील, पण कॅरिअरच्या जाडीएवढे आखूड. ग्रेड तोच हवा, म्हणजे डोक्यावर ८.८ लिहिलेला, नायलॉन नट नवा आणि खाली मोठा वॉशर. जुनाच लांब बोल्ट घट्ट केला तर त्याचं टोक आत जास्त बाहेर येतं. टाकी तिथून किती दूर आहे ते बघितल्याशिवाय असं करू नका.

मग टॉर्च घेऊन भोकांभोवतीचा भाग आणि चेसीच्या नळ्यांचे वेल्डिंगचे सांधे नीट बघा. पंधरा किलो वजन वीसेक वर्षं मागे लोंबकळत हादरे खात होतं. पावडर कोटिंगमध्ये केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर ती रंगाची चीर समजून सोडू नका. तिथला रंग खरवडून बघा. नळीला चीर असेल तर आधी टाकी उतरवून वेल्डिंग करावं लागेल, आणि ते सेव्हनची चेसी जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. हे बघण्याची संधी स्टेपनी उतरवल्यावरच मिळते, म्हणून घाई करू नका.

उरलेली भोकं बंद करायला रबरी ग्रोमेट सर्वांत चांगले. पुन्हा कधी कॅरिअर लावायचं झालं तर ते उपटता येतात. कायमचं बंद करायचं असेल तर दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आतून सीलंट लावून रिव्हेट करा. सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा न्यूट्रल जातीचं घ्या. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन ॲल्युमिनियम खातं. भोकं तशीच ठेवलीत तर मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी सरळ डिकीत येईल. आणखी एक दिसण्यातला मुद्दा: चाकामागच्या रंगाला इतकी वर्षं ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे तिथे गडद रंगाचा गोल दिसतो. पॉलिशने तो थोडा कमी होतो. पूर्ण घालवायचा तर मागचा पत्रा रंगवावा लागतो.

ब्रिटनच्या नियमांबाबत चिंतेचं फारसं कारण नाही. तिथे गाडीत स्टेपनी असलीच पाहिजे असा कायदा नाही आणि वार्षिक एमओटी चाचणीत तिच्या अभावावरून गाडी नापास होत नाही. उलट, कॅरिअर आहे आणि ते ढिलं आहे, हा दोष धरला जातो. नंबरप्लेट आणि तिचा दिवा मात्र नव्या जागी नीट बसवा. १ एप्रिल १९८० नंतर पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीला मागचा फॉग लाइट सक्तीचा आहे. तो मध्यावर किंवा उजव्या बाजूला हवा आणि ब्रेक लाइटपासून किमान १०० मिलिमीटर दूर हवा. कॅरिअरवरून उतरवून टेललाइटच्या शेजारी चिकटवला तर नेमका हाच नियम मोडतो. गाडीची आयव्हीए तपासणी (किट कारला रस्त्यावर येण्याआधी लागणारी मंजुरी) अजून व्हायची असेल तर कॅरिअर काढल्यावर उघडी पडलेली बोल्टची टोकं रबरी टोप्यांनी झाका, कारण बाहेर आलेल्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

भारतातही २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली आहे. पण ती सूट कारखान्यातून तशी निघालेल्या गाडीची आहे. नोंदणी झालेल्या गाडीत स्वतः बदल करण्याचे नियम आपल्याकडे बरेच कडक आहेत, म्हणून इंग्लंडमधल्या किट कारचा हा सल्ला इथल्या गाडीला जसाच्या तसा लावू नका.

आता सेटिंग. मागच्या प्रत्येक चाकावरून साडेनऊ किलो, म्हणजे सुमारे ९३ न्यूटन भार उतरला. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा जोर २० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर मागची बाजू ४ ते ५ मिलिमीटर वर येते. पुढची जेमतेम १ मिलिमीटर खाली जाते. हे क्षुल्लक वाटतं, पण सेव्हनमध्ये चेसीचा पुढे झुकलेला कल बांधतानाच मोजून ठेवलेला असतो, आणि त्यात पाच-सहा मिलिमीटर वाढले की गाडी वळणात शिरताना चंचल होते. आधीच फिरायला हलकी झालेल्या गाडीत हे दोन्ही एकत्र आले की लोक म्हणतात, स्टेपनी काढल्यापासून गाडी घाबरवते. दोष स्टेपनी काढण्याचा नसतो, उंची परत न लावण्याचा असतो.

म्हणून काढण्याआधी चारही कोपऱ्यांवर चेसीच्या ठरावीक बिंदूपासून जमिनीपर्यंतची उंची मोजून लिहा. जमीन सपाट हवी, टायरचा दाब ठरलेला, टाकी अर्धी, आणि सीटमध्ये चालक किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. काढल्यानंतर गाडी दहा-वीस मीटर पुढेमागे ढकलून घ्या म्हणजे टायर आणि बुश मोकळे होतात, मग पुन्हा मोजा. मागच्या स्प्रिंगला खालून आधार देणाऱ्या, आट्यांवर फिरणाऱ्या चकत्या हुकाच्या पान्याने समान फेऱ्या खाली घ्या. डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) चाकाच्या अगदी जवळ असल्यामुळे मागे चकती जवळजवळ तेवढीच उतरवावी लागते जेवढी उंची कमी करायची. आटे आधी तारेच्या ब्रशने साफ करा, तेल लावा. घाणीत फिरवलेली ॲल्युमिनियमची चकती आटे सोलते.

चार वजनकाटे मिळाले तर कॉर्नर वेट करून घ्या, म्हणजे प्रत्येक चाकावरचा भार वेगळा मोजून जुळवून घ्या. वळणात गाडीचा झुकाव रोखणाऱ्या अँटी-रोल बारची एक लिंक सोडून ठेवा, नाहीतर बारचा पीळ काट्यांवर खोटे आकडे दाखवतो. लक्ष्य एवढंच: पुढचं डावं अधिक मागचं उजवं आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं, या दोन कर्णांची बेरीज शक्य तितकी सारखी. चालक एका बाजूला बसतो, त्यामुळे डाव्या-उजव्या वजनात फरक राहणारच, तो स्प्रिंगने जात नाही. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी हा खर्च स्टेपनीच्या वजनापेक्षा जास्त फायदा देतो, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी हेडलाइट. मागे ५ वर, पुढे १ खाली, म्हणजे २२२५ मिलिमीटरमध्ये सुमारे ६ मिलिमीटरचा कल, पाव टक्क्याच्या आसपास. उंची परत लावली तर हा प्रश्न उरत नाही. नाही लावली तर झोत तेवढा खाली जातो. एमओटीत ८५० मिलिमीटरपर्यंत उंचीच्या दिव्यांना अर्धा ते दोन टक्के खाली असा पट्टा आहे, त्यामुळे बहुधा नापास होणार नाही, पण रात्री रस्ता कमी दिसेल.

पंक्चरचं काय, हा खरा प्रश्न. आधी तुमची स्टेपनी खरोखर उपयोगाची आहे का ते बघा. टायरच्या कडेवर डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार अंक असतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. बाहेर ऊन-पाऊस झेलत टांगलेल्या स्टेपनीचं रबर बहुतेक वेळा कडक होऊन भेगाळलेलं असतं आणि हवा कधी भरली हे कोणालाच आठवत नसतं. दुसरं, अनेक सेव्हनना पुढे ६ इंच आणि मागे ८ इंच रुंदीच्या रिम असतात. एकच स्टेपनी दोन्हीकडे बरोबर बसत नाही. रुंद चाक पुढे लावलं तर सायकल विंगला, म्हणजे चाकावरच्या अरुंद मडगार्डला, घासतं. अरुंद चाक मागे लावलं आणि गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर दोन चाकांच्या वेगळ्या घेरामुळे त्याच्या प्लेटा सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतात. तशी गाडी सावकाश आणि थोडंच अंतर चालवायची असते. अशा गाडीत १३ किलोची वस्तू अर्ध्याच पंक्चरांसाठी वाहून नेली जात असते.

तिच्या जागी दोनेक किलोचं सामान पुरतं: ट्यूबलेस पंक्चरचा स्ट्रिपचा संच, पक्कड, छोटा कंप्रेसर, कमी दाबाचा गेज, टॉर्च, हातमोजे आणि चाकाला लॉक नट असतील तर त्याची चावी. हे सगळं डिकीत मागच्या टोकाला कोंबू नका, सीटच्या मागे ठेवा, नाहीतर जे वजन काढलं त्यातलं थोडं परत त्याच जागी गेलं.

कंप्रेसर घेताना तारेची लांबी बघा. बऱ्याच सेव्हनमध्ये डॅशबोर्डवर बारा व्होल्टचं सॉकेट नसतं आणि बॅटरी पुढे इंजिनाजवळ असते. तिथून मागच्या चाकापर्यंत तीन मीटरची तार जेमतेम पोचते. चार्जिंगचा पंप सोयीचा, पण तो महिन्यातून एकदा चार्ज करायची शिस्त हवी. या हलक्या गाडीत टायरचा दाब १८ ते २० पीएसआय एवढाच असतो, म्हणून छोटा पंपही भागवतो. गेज मात्र ० ते ३० पीएसआयचा घ्या. शंभरपर्यंतच्या गेजवर १८ आणि २१ मधला फरक वाचता येत नाही.

याच कमी दाबामुळे व्हॉल्व्हच्या टोपीवर बसणारे दाबाचे सेन्सर घेताना एक अट बघा: इशाऱ्याची खालची मर्यादा १५ पीएसआयपर्यंत लावता आली पाहिजे. काही संच त्याहून बऱ्याच वर थांबतात आणि सेव्हनमध्ये सतत ओरडत राहतात. टोपीचं वजन रबरी व्हॉल्व्हला वेगात वाकवतं, म्हणून धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. स्टेपनी नसलेल्या गाडीत हे सेन्सर फार मोलाचे आहेत. हळू गळती वेळेत कळली तर खिळा काढून स्ट्रिप भरता येते. न कळता चालवत राहिलात तर टायरची कड आतून चिरडते आणि मग कुठलीच दुरुस्ती चालत नाही.

स्ट्रिप भरण्याची रीत. गाडी ढकलून खिळा समोर येईल असं चाक फिरवा, बहुतेक वेळा जॅकची गरज पडत नाही. खिळा कोणत्या कोनात शिरलाय ते बघून ठेवा आणि पक्कडीने ओढा. त्याच कोनात कानशीची सुई पाच-सहा वेळा आतबाहेर करा. स्ट्रिपला सोल्यूशन लावून सुईत ओवा, दोन्ही टोकं एक-दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबा आणि झटक्यात सुई बाहेर खेचा. बाहेरचं टोक तीन मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. ही दुरुस्ती घरी पोचण्यापुरती आहे, ताशी ८० किलोमीटरच्या आत. नंतर टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या. ब्रिटनमधल्या बीएस एयू १५९ मानकानुसार साध्या दुरुस्तीसाठी भोक ६ मिलिमीटरपर्यंत आणि ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या) मधल्या तीन चतुर्थांश भागातच असलं पाहिजे. स्ट्रिप भरलेला टायर ट्रॅकवर नेऊ नका.

बाटलीतलं सीलंट मी शेवटचा पर्याय मानतो. ते मुदतीचं असतं, आत चिकट थर बसतो, चाकाचा बॅलन्स जातो आणि काही टायरवाले असा टायर दुरुस्त करायला घेत नाहीत. आणि कड फाटली असेल तर स्ट्रिप काय आणि सीलंट काय, दोन्ही निरुपयोगी. तिथे ट्रकवरून गाडी घरी आणणारी रस्ता-मदत सेवा हवी. तिच्या कागदात ‘स्टेपनी नसल्यास मदत नाही’ असं कलम आहे का, ते आधीच वाचून घ्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडे किंवा आल्प्स ओलांडून लांबच्या फेरीला जाणार असाल तर तेवढ्यापुरती स्टेपनी परत लावा, असं मी सांगेन. विचित्र मापाचा टायर तिथे रविवारी मिळत नाही. म्हणूनच वर ग्रोमेटचा सल्ला दिला. भोकं आणि आतले वॉशर शाबूत असले तर कॅरिअर वीस मिनिटांत बसतं. दिव्यांच्या तारांना दोन्हीकडे जुळणारे कनेक्टर लावून ठेवा. बोल्ट, नवे नायलॉन नट आणि मधली पकड एका पिशवीत घालून ती कॅरिअरलाच बांधा, आणि स्टेपनी लावलेल्या स्थितीत मागच्या चकतीची जागा कोणत्या आट्यावर होती तो आकडा त्याच पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवा. चाक गॅरेजात आडवं, उन्हापासून दूर ठेवा, आणि फेरीला निघण्याआधी त्याच्यात हवा भरून आठवडाभर ती टिकते का ते बघा.